निविदा उघडण्यापूर्वी

(मालवण येथे नगरपरिषद व ग्रामपंचायत सदस्यांसाठी भरलेल्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी 'स्थानिक स्वराज्य संस्थांमधील खरेदी आणि निविदा' हा विषय सांगितला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी अभियंता नव्हे, लेखापरीक्षक नव्हे. कला शाखेचा पदवीधर, त्यातही मराठी घेऊन झालेला. आणि उभी हयात या जिल्ह्यात बातमीदारी करण्यात गेली. त्यावर संयोजक म्हणाले, "नियम सांगायला अधिकारी आहेत. तुम्ही फायलींत काय वाचलेत ते सांगा." तेव्हा आज मी जे बोलणार आहे ते फायलींतले आहे, आणि काही थोडे फायलींबाहेरचे.

राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या होत्या. कारभार प्रशासकांच्या हाती होता. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले आणि आपल्यापैकी अनेक जण प्रथमच सभागृहात जाऊन बसले. ग्रामपंचायतींतही नवे चेहरे पुष्कळ आहेत. पहिल्या-दुसऱ्या सभेतच आपल्यासमोर विषयपत्रिकेवर एक ओळ येईल : 'प्राप्त दरपत्रकांचा विचार करून मंजुरी देणे.' सचिव ती वाचतील, कोणी सूचक होईल, कोणी अनुमोदक होईल, आणि चहा येण्यापूर्वी हात वर होतील. त्या वर झालेल्या हाताविषयी मला बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका ग्रामपंचायतीची पथदिव्यांच्या खरेदीची फाईल माहितीच्या अधिकारात माझ्या हाती आली. तीन दरपत्रके होती. तीन वेगवेगळ्या दुकानांची, तीन निराळ्या रंगांच्या शीर्षपत्रांवर. परंतु तिन्हींमध्ये 'विद्युत' हा शब्द 'विधुत' असा छापलेला होता आणि तिन्हींमध्ये शेवटून दुसऱ्या ओळीत एकच अनाठायी स्वल्पविराम होता. मराठी घेऊन पदवी मिळवल्याचा माझ्या आयुष्यात इतका रोकडा उपयोग दुसऱ्यांदा झालेला नाही. तिन्ही दरपत्रके एकाच संगणकावर, एकाच माणसाने तयार केली होती हे सांगायला हस्ताक्षरतज्ज्ञाची गरज नव्हती.

त्या ठरावावर सही करणाऱ्यांपैकी एक वृद्ध सदस्य माझ्या चांगल्या परिचयाचे. आयुष्यात परक्याच्या पैशाला शिवले नाहीत असे गृहस्थ. मी त्यांना विचारले, "आपल्या लक्षात आले नाही का हे?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "इला लक्षात. पण इचारूचा कसा? आपलोच माणूस तो."

बंधुभगिनींनो, या एका वाक्यात आपल्या जिल्ह्याच्या सार्वजनिक खरेदीचे अर्धे दुखणे आहे. वृत्तपत्रे टक्केवारीविषयी लिहितात, मीही लिहिले आहे, आणि टक्केवारी नाही असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. पण मुंबईच्या महापालिकेत कंत्राटदार आणि नगरसेवक एकमेकांना कदाचित कामापुरतेच ओळखत असतील. आपल्याकडे कंत्राटदार हा शेजारी असतो, शाळेतला सोबती असतो, मेहुण्याचा भाऊ असतो, गावच्या पालखीला तुमच्याबरोबर खांदा देणारा असतो. रात्री-अपरात्री आजाऱ्याला ओरोसच्या रुग्णालयात नेताना त्याचीच गाडी उपयोगी पडलेली असते. अशा माणसाला भर सभेत 'ही तिन्ही दरपत्रके सारखी कशी?' असे विचारायचे, म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखे वाटते. मग आपण गप्प बसतो. भीड भिकेची बहीण, असे आपल्या आजीने सांगितलेले असते. पण ती भीक ग्रामनिधीला लागते, आपल्या खिशाला नाही, म्हणून ती जाणवत नाही.

आणि गंमत पाहा. याच गावात जत्रेचा जमाखर्च देवळाच्या मंडपात वाचला जातो तेव्हा नारळ किती आले, किती फोडले, उरलेल्यांचे काय झाले, यावर तासभर वाद होतो. तेल कोणाच्या दुकानातून आणले आणि शेजारच्या दुकानात काय भाव होता, हेही तिथे विचारले जाते. त्या वेळी कोणाला कोणाचा अपमान झाला असे वाटत नाही. देवाचा पैसा आहे, हिशेब झालाच पाहिजे, ही सगळ्यांची धारणा असते. घरपट्टीच्या पैशाविषयी ही धारणा कोठे हरवते, हे मला आजवर उमगलेले नाही.

कायद्याने याची दखल घेतली आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार पंचायतीच्या कामात किंवा करारात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, तो सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. 'अप्रत्यक्ष' हा शब्द आपण सर्वांनी घरी जाऊन पुन्हा एकदा वाचावा. भावाच्या नावे ठेका घेऊन स्वतः कामावर उभे राहणारे सदस्य मी पाहिले आहेत आणि प्रकरण वर गेल्यावर त्यांचे उतरलेले चेहरेही पाहिले आहेत.

आता निविदेकडे वळू. लोकांचा समज असा की निविदा उघडते त्या दिवशी काय ते ठरते. एके काळी ते काही अंशी खरे होते. निविदेचा कोरा अर्ज विकत मिळू न देणे, पेटीजवळ माणसे उभी करून प्रतिस्पर्ध्याला परतवणे, असे प्रकार महाराष्ट्रात सर्रास चालत. ई-निविदेने ती दांडगाई बव्हंशी संपवली. घरात बसून निविदा भरता येऊ लागली. ई-निविदा बंधनकारक करणारी मर्यादा काही वर्षे तीन लाख रुपये होती, पुढे ती वाढवून दहा लाख करण्यात आली. तमिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने १९९९ मध्ये निविदांतील पारदर्शकतेसाठी स्वतंत्र कायदेच केले. दक्षिण कोरियाने तर २००२ पासून संबंध देशाची सरकारी खरेदी एकाच संगणकीय व्यवस्थेत आणली. हे सारे स्वागतार्हच आहे. पण निविदा भरणाऱ्या तिघांनी आदल्या संध्याकाळी एकाच पडवीत बसून दर ठरवले, हे संगणकाला कसे कळणार? आणि संगणकाने राखलेल्या मर्यादेखालून जाण्याची वाट तर माणसाने कधीच शोधून ठेवली आहे. एखादी पाखाडी सलग बांधली तर खर्च मर्यादेच्या वर जातो. मग अंदाजपत्रकात ती 'अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत, भाग १' आणि 'तमुक यांच्या घरापासून व्हाळापर्यंत, भाग २' अशी दोन ठिकाणी तुटते. जमिनीवर पाखाडी एकच, चिरा एकाच खाणीतला, गवंडीही तोच. तुटते ती फक्त कागदावर.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, निविदा उघडण्याच्या दिवशी आपण गर्दी केली नाही तरी चालेल. पण तिच्या आधीचे आणि नंतरचे कागद वाचल्याशिवाय हात वर करू नये. आधीचा कागद म्हणजे अंदाजपत्रक आणि अटी. नंतरचा कागद म्हणजे मोजमाप पुस्तक. मधले लिफाफे ही त्या मानाने सोपी गोष्ट आहे.

आधीच्या कागदाचे एक अगदी साधे उदाहरण घेतो. पाणी शुद्धीकरणासाठी आपल्या सर्व ग्रामपंचायती टीसीएल पावडर विकत घेतात. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम, हे प्रमाण त्या ताकदीवर बसवलेले आहे. हवा, ऊन आणि ओल लागली की ही ताकद उतरत जाते आणि २० टक्क्यांखाली गेलेली पावडर विहिरीत टाकणे आणि न टाकणे सारखेच. आता कोकणातली हवा कशी आहे ते आपणास सांगायला नको. पावसात कपाटातल्या वहाणांनासुद्धा बुरशी येते. अशा ठिकाणी मार्च महिन्यात निधी संपवायचा म्हणून वर्षभराची पावडर एकदम घेतली आणि ती समाजमंदिराच्या कोपऱ्यात उघड्या गोण्यांत ठेवली, तर दर कितीही कमी मिळालेला असो, ती खरेदी महागच पडली. साथ येते ती नेमकी पावसाळ्यात. कागदोपत्री मात्र सर्व ठीक असते : तीन दरपत्रके, किमान दर, ठराव, पावती. लेखापरीक्षकालाही आक्षेप घेण्याजोगे काही सापडत नाही. तीच पावडर तीन-तीन महिन्यांनी, उत्पादनाची तारीख पाहून आणि क्लोरीनचा तपासणी अहवाल मागून घ्यावी, एवढी एक अट आधीच्या कागदात लिहिली असती, तर गावातली लेकरे आजारी पडली नसती. ही अट लिहायला अभियंता लागत नाही. गावची हवा ज्याला ठाऊक आहे असा सदस्य लागतो.

दिव्यांच्या खांबांचेही तेच. देशावरच्या एखाद्या तालुक्यात चालणारे मापदंड जसेच्या तसे उतरवून घेतले जातात आणि देवबाग-तारकर्लीच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड काही पावसाळ्यांत पोखरते. कमीत कमी दर हा सारख्या वस्तूंमध्येच तुलनेला घेता येतो. वस्तू कोणती, हे ज्याने नीट लिहिले नाही त्याला दर कमी मिळाला की जास्त, हे कधीच कळत नाही.

मालवणात उभे राहून बोलतो आहे, तेव्हा राजकोटचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते तेथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. त्या दुपारी मी तेथे पोहोचलो तेव्हा माणसे बोलत नव्हती. नुसती उभी होती. पुढे त्यावर राजकारण व्हायचे ते झाले, त्यात मी शिरत नाही. तांत्रिक चौकशीत गंज आणि सदोष वेल्डिंग यांचा उल्लेख आला, तो मात्र आपल्या विषयाचा आहे. समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर त्याचे काम सुरू झाले. तेव्हापासून तोच समुद्र, तोच वारा, तीच खारी हवा त्याला झोडपते आहे. बांधणाऱ्यांनी प्रथम या समुद्राचा विचार केला, मग दगडाचा. राजकोटवरचे दुसरे काम सार्वजनिक बांधकाम विभागाने स्वतंत्र निविदा काढून दिले. टिकाऊपणाची आणि पुढील दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी कंत्राटातच घातली गेली आणि ११ मे २०२५ रोजी नव्या भव्य पुतळ्याचे लोकार्पण झाले. देखभाल कोणी, किती वर्षे, कोणाच्या पैशाने करायची, हे वाक्य निविदेत असणे म्हणजे काय, हे मालवणकरांना इतक्या महाग किमतीत शिकावे लागले. आपल्या ग्रामपंचायतीतला साकव, पाण्याची टाकी, शाळेचे छप्पर, यांच्या निविदांत हे वाक्य आहे का, ते पाहावे. दोष दायित्वाचा कालावधी छापील नमुन्यात असतोच. पण तो संपण्यापूर्वी एकदा जाऊन भेग पडली आहे का हे पाहणारा सदस्य मला क्वचितच भेटला आहे. मुदत संपल्यावर अनामत परत जाते आणि त्यानंतर भेग दिसते.

मार्चचा विषय वर निघालाच आहे. निधी येतो फेब्रुवारीत, खर्ची टाकायचा ३१ मार्चपूर्वी, आणि पाऊस येतो जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. या कात्रीत आपली सर्व कामे सापडतात. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून ग्रामपंचायतींना थेट पैसा दिला, पंधराव्याने ती परंपरा पुढे चालवली. हे स्वातंत्र्य लहान नाही. आराखडा आपणच ग्रामसभेत करतो. मग पावसाळ्यातच, भातलावणी उरकल्यावर, अंदाजपत्रके करून तांत्रिक मान्यता घेऊन ठेवण्यास कोणी अडवले आहे? दिवाळीनंतर कार्यारंभ आदेश दिला तर डांबराला पुरेसे कोरडे दिवस मिळतात. मे महिन्याच्या अखेरीस घाईने ओतलेले डांबर जूनमध्ये शेतात जाऊन बसते, हे आपण सर्वांनी चालत जाऊन पाहिलेले आहे.

आता कंत्राटदाराची बाजूही मांडतो, कारण तो सदैव खलनायकच असतो असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. २०२५ मध्ये राज्यभर कंत्राटदारांनी थकलेल्या देयकांसाठी आंदोलने केली. लहान गावातला प्रामाणिक कंत्राटदार दागिने गहाण टाकून काम पुरे करतो आणि मग देयकासाठी महिनोन्महिने खेटे घालतो. दुसऱ्या वर्षी तो निविदा भरत नाही. भरतो तो, ज्याला थांबणे परवडते, आणि तो थांबण्याचे व्याज दरात आधीच मिळवतो. थोडक्यात, उशिरा पैसे देणाऱ्या संस्थेला सारे काही महाग मिळते.

शिवकालीन पत्रव्यवहारात यासंबंधी एक जळजळीत पत्र आहे. पद्मदुर्गाचे काम चालू होते, आरमार समुद्रात होते, आणि प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला रसद व पैसा पोहोचवण्याची आज्ञा झालेली होती. त्याने दिरंगाई केली. १६७५ च्या त्या पत्रात महाराजांनी त्याची जी कानउघाडणी केली आहे ती मुळातून वाचण्यासारखी आहे. ऐवज वेळेवर न पोहोचवणे हे त्यांच्या लेखी कारकुनी आळस नव्हता, शत्रूला साह्य करण्यासारखे होते. आणि कोणाची जात वा प्रतिष्ठा पाहून गय केली जाणार नाही, असे त्यात स्वच्छ बजावले आहे. देयकाची फाईल आपल्या टेबलावर पंधरा दिवस पडून राहिली असेल, तर ते पत्र काढून वाचावे.

दुसरे पत्र तर आपल्या कुडाळचेच आहे. पोर्तुगिजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडू लागल्याने व्यापारी तिकडे वळले आणि संगमेश्वराकडच्या मिठाला गिऱ्हाईक राहीना. १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला लिहिले की, बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे ते महाग पडेल आणि आपली मिठागरे वाचतील. 'काम गावच्याच माणसाला द्या' असे म्हणणारे मित्र हे पत्र मला हमखास ऐकवतात. मी त्यांना एवढेच विचारतो की, महाराजांनी अमुक एका मिठागरवाल्याकडून मीठ घ्या असे लिहिले होते काय? जकात उघड होती, सर्वांना सारखी होती, आणि कारण पत्रातच दिलेले होते. स्थानिकांना प्राधान्य द्यावे, या मताचा मीही आहे. बेरोजगार अभियंत्यांना ३३ टक्के, मजूर सहकारी संस्थांना ३३ टक्के आणि खुल्या स्पर्धेला ३४ टक्के, अशी कामांची विभागणी आपल्याकडे झाली तिच्यामागे हाच हेतू होता. हेतू उत्तम. परंतु ज्या मजूर संस्थेत एकही मजूर नाही, जिचा फलक एका बड्या ठेकेदाराच्या कार्यालयाबाहेर लटकतो, तिला दिलेले काम हे स्थानिकाला दिलेले प्राधान्य नव्हे. काम वाटपाच्या यादीतली संस्था खरोखर कोणाची, हे गावात प्रत्येकाला माहीत असते. पुन्हा तीच भीड आड येते.

ही भीड मोडायची कशी, असे मला मघाशी चहाच्या वेळी एका भगिनींनी विचारले. त्या प्रथमच निवडून आल्या आहेत. माझा अनुभव असा की प्रश्न माणसाला विचारला की भांडण होते, कागदाला विचारला की होत नाही. 'तुम्ही चोरी केलीत का' असे विचारूच नये. 'या तीन दुकानांच्या नोंदणीचे दाखले फाईलला जोडावेत, पुढील सभेत पाहू' असे म्हणावे. एकदा नव्हे, प्रत्येक खरेदीला, स्वतःच्या चुलतभावाच्या दरपत्रकालाही. चार वेळा असे झाले की पाचव्या वेळी कोणाला वैषम्य वाटत नाही. ती सभेची रीत होते, जशी नारळ मोजण्याची आहे. त्या भगिनींनी लगेच विचारले, "आणि पाचव्या वेळेपर्यंत?" पाचव्या वेळेपर्यंत थोडा एकटेपणा येतो, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारची खुर्ची रिकामी राहू शकते.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने तर न मागता माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधनच घातले आहे. अंदाजपत्रक, कंत्राटदाराचे नाव, रक्कम, मुदत आणि दोष दायित्व संपण्याची तारीख, एवढे कामाच्या जागी फलकावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत लिहिले, तर पहारा करायला कोणी नेमावा लागत नाही. येणारा-जाणारा म्हातारा काठी टेकून उभा राहतो आणि 'एवढ्या पैशात एवढेच?' म्हणतो. शेजारच्या वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने घरोघरी वर्गीकरण करून कचऱ्याचा प्रश्न जो सोडवला, तोही शेवटी असाच : जे काम सर्वांना दिसते त्यात सर्वांचा हात लागतो.

मोजमाप पुस्तकाविषयी मी मुद्दामच आज अधिक बोलत नाही. ते ऐकण्याचे नव्हे, पाहण्याचे आहे. उद्या सकाळी साडेसात वाजता आपण येथून जवळच झालेल्या एका पाखाडीवर जाणार आहोत. कनिष्ठ अभियंत्यांनी सोबत येण्याचे मान्य केले आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. प्रत्येकाने आपल्या गावातील एका पुऱ्या झालेल्या कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमापाची नक्कल बरोबर आणावी. लांबी, रुंदी, जाडी, चिऱ्यांचे थर, सारे लिहिलेले असते. आपण ते जमिनीवर ताडून पाहू. टेप मी आणतो.